स्वतःला भयंकर समजणारा: मुलांच्या कथामालिकांतला विडंबन-खलनायक

घोरसेन नावाचा एक दुष्ट सम्राट कल्पू या. जमिनीवर लोळणारा काळा झगा, तीन शिंगांचा मुकुट, डोंगराच्या पोटात गुप्त किल्ला. आणि एक महाभयंकर योजना: जगातले सगळे रविवार चोरून आपल्या तिजोरीत कोंडायचे. बाकीच्या जगानं शनिवारनंतर थेट सोमवार गाठायचा. लहानपणी घोरसेनाला एकाही रविवारी मनसोक्त झोपू दिलं नव्हतं, त्याचा हा सूड. योजना बिनचूक आहे, पण दबा धरून बसला की थोड्याच वेळात तो घोरायला लागतो आणि शत्रूला त्याचा ठावठिकाणा कळतो. शिवाय रविवार गेल्यापासून त्याच्या शिपायांचीही सुट्टी गेली आहे आणि ते आतल्या आत धुसफुसत आहेत.

घोरसेन या लेखापुरता रचलेला आहे. पण त्याचा झगा, किल्ला, तिजोरी, बालपणीची जखम, सगळं उसनं आहे. हे सामान आपण कितीतरी दुष्टांकडे पाहिलेलं असतं, म्हणून तो तोंड उघडण्याआधीच हा कोणत्या घराण्यातला हे कळतं. अशा पात्राला विडंबन-खलनायक म्हणू. गोष्टीतला दुष्ट कसा दिसतो, कसा बोलतो, कसा हसतो याची जी रूढ रीत आहे, त्या रीतीची तो नक्कल असतो. मुलांच्या पुस्तकमालिकांत आणि कार्टूनमध्ये तो इतका सवयीचा झाला आहे, की मोठी माणसं त्याला बाष्कळपणा म्हणून सोडून देतात. मला हे मुळीच पटत नाही. खराखुरा भीतिदायक खलनायक लिहिण्यापेक्षा चांगला विडंबन-खलनायक लिहिणं अवघड असतं, आणि त्याला हसताना मुलाचं डोकं जे काम करत असतं तेही सोपं नसतं.

नुसता विनोदी खलनायक आणि हा, यांत फरक आहे. विनोदी खलनायक केळ्याच्या सालीवरून घसरतो आणि आपण हसतो. त्याच्या जागी दुसरं कोणी घसरलं असतं तरी हसलो असतो. विडंबन-खलनायक पडतो तो ‘आता माझ्या तावडीतून तुला कोणीही सोडवू शकणार नाही!’ असं गरजत असताना, स्वतःच्याच झग्यात पाय अडकून. झगा होता धाक बसवायला आणि त्यानंच आपटलं. धाकाची सामग्री धाक घालणाऱ्यावरच उलटली, म्हणून हसू येतं. मराठी वाचकाला ही युक्ती कवितेतून ओळखीची आहे. आचार्य अत्र्यांनी केशवकुमार या नावानं लिहिलेल्या विडंबनांत त्या काळच्या कवींचं वृत्त, शब्दकळा, उसासे सगळं चोख ठेवलेलं असतं, फक्त विषय अगदी क्षुल्लक घेतलेला असतो. वृत्तात चूक झाली असती तर विडंबन कोसळलं असतं. घोरसेनाच्या गर्जनेलाही हाच नियम लागू पडतो: ती एखाद्या खऱ्या क्रूर सम्राटाला शोभेल इतकी पक्की असायला हवी.

या घराण्याचं मूळ बरंचसं एकोणिसाव्या शतकातल्या युरोप-अमेरिकेतल्या मेलोड्रामात, म्हणजे भावना भडक करून दाखवणाऱ्या नाटकांत, सापडतं. मोठी नाट्यगृहं, अपुरा उजेड, शेवटच्या रांगेतल्या प्रेक्षकालाही क्षणात कळायला हवं की दुष्ट कोण. म्हणून काळा अंगरखा, उंच टोपी, पिळदार मिशा आणि प्रेक्षकांकडे वळून आपला बेत सांगून टाकण्याची खोड. १८६७ साली न्यूयॉर्कमध्ये ऑगस्टिन डेली यांचं ‘अंडर द गॅसलाइट’ हे नाटक आलं. त्यात खलनायक एका पुरुषाला रेल्वेच्या रुळांना बांधतो आणि गाडी यायच्या आत त्याला सोडवते ती नायिका. प्रसंग अतोनात गाजला, इतरांनी उचलला, झिजवला. १९१३ साली मॅक सेनेट यांच्या एका मूकपटात अभिनेत्री मेबल नॉर्मंड रुळांना बांधलेली दिसते. पण तोवर तो प्रसंग टिंगलीचा झाला होता आणि तो चित्रपटही विनोदीच होता. आज लोकांच्या डोळ्यांपुढे जे चित्र उभं राहतं, मिशा पिळणारा दुष्ट आणि रुळांवर किंचाळणारी असहाय तरुणी, ते मूळ नाटकापेक्षा त्याच्या टिंगलीशी जास्त जुळतं.

इथे एक खरीखुरी शंका येते. विडंबन समजायला मूळ माहीत असावं लागतं, असं आपण मानतो. सात वर्षांच्या मुलानं एकोणिसाव्या शतकातलं नाटक पाहिलेलं नसतं, गुप्तहेरांच्या कादंबऱ्या वाचलेल्या नसतात, जगावर राज्य करू पाहणारे सिनेमातले सूत्रधारही त्याला ठाऊक नसतात. मग ते घोरसेनाला हसतं कसं?

याची दोन उत्तरं आहेत, आणि दोन्ही एकाच वेळी खरी आहेत. पहिलं असं, की मुलाकडे एखादी विशिष्ट मूळ कृती नसली तरी साचा असतो. राक्षस, चेटकीण, कपटी प्रधान, सावत्र आई, चाचे यांच्या गोष्टी ऐकता ऐकता मुलाच्या मनात ‘दुष्ट असा असतो’ असं एक टिपण तयार झालेलं असतं. दुष्ट मोठ्यानं हसतो. दुष्टाचं घर अंधारात असतं. दुष्टाला कशाचीच भीती वाटत नाही. हे टिपण मुलाला कोणी शिकवत नाही, ते स्वतःच काढतं. घोरसेन त्या टिपणातल्या ओळी एकेक करून पाळतो आणि मधेच एखादी मोडतो.

दुसरं उत्तर मालिकेत आहे. मालिका आपलं मूळ स्वतःच तयार करते. पहिल्या भागात घोरसेन किल्ल्याच्या सज्जावर येतो, झगा फडकावतो, विजेचा कडकडाट होतो, मग तो गर्जना करतो. दुसऱ्या भागात तेच. तिसऱ्या भागात तो झगा फडकावतो आणि वीज चमकतच नाही. तो थांबतो, वर बघतो, खाकरतो, पुन्हा फडकावतो. मूल खदखदून हसतं, आणि त्या हसण्यासाठी त्याला बाहेरचं काहीही वाचावं लागलेलं नाही. पहिले दोन भाग हेच मूळ, तिसरा भाग त्याचं विडंबन. एकट्यादुकट्या गोष्टीत हे साधणं कठीण आहे. मालिकेच्या लेखकाला मात्र पुनरावृत्ती आयती मिळते, आणि मुलांना ती हवीच असते. घाईत असलेला लेखक इथे चुकतो: तो पहिल्याच भागात वीज चुकवतो. अजून काहीच मांडलेलं नसतं, त्यामुळे मोडायलाही काही नसतं.

विडंबन-खलनायक स्वतः कधीही विनोद करत नाही. याची उत्तम साक्ष म्हणजे कॅप्टन हुक. जे. एम. बॅरी यांचं ‘पीटर पॅन’ हे नाटक २७ डिसेंबर १९०४ रोजी लंडनच्या ड्यूक ऑफ यॉर्क्स थिएटरमध्ये पहिल्यांदा झालं. त्यातला खलनायक हुक हा समुद्री चाच्यांच्या गोष्टींतून उचललेला आहे आणि बॅरी ते लपवत नाहीत. दुसऱ्या एका गाजलेल्या कादंबरीतला चाचा लाँग जॉन सिल्व्हर जगात फक्त या हुकला घाबरायचा, असं ते सांगून टाकतात. इतका भयंकर माणूस घड्याळाची टिकटिक ऐकली की गर्भगळीत होतो, कारण त्याचा हात खाल्लेल्या मगरीनं एक घड्याळही गिळलेलं आहे. आणि खून करतानाही आपलं वागणं कुलीन माणसाला शोभेल असं आहे ना, ही चिंता त्याला कुरतडत असते. ईटनसारख्या नामांकित शाळेत शिकलेला ना तो! पण बॅरींनी त्याचे दात काढून घेतलेले नाहीत. हुकच्या हातून माणसं मरतात, आणि नाटकाचा नायक असलेल्या पीटर या मुलाच्या औषधात तो विष कालवतो तो प्रसंग खरोखर काळजाचा ठोका चुकवतो. पहिल्या प्रयोगात हुक आणि मुलांचे वडील मिस्टर डार्लिंग, या दोन्ही भूमिका जेराल्ड द्यु मॉरिए या एकाच नटानं केल्या होत्या. घरात हुकूम सोडणारा, मानापमानाला जपणारा बाप आणि जहाजावर हुकूम सोडणारा कप्तान यांचं नातं त्यामुळे न सांगता दिसतं.

हे का चालतं, याचा विचार आपल्याकडे फार पूर्वी झाला आहे. नाट्यशास्त्रात भरतमुनींनी हास्याची कारणं सांगताना विकृत वेष, अलंकार, वागणं, बोलणं यांचा उल्लेख केला आहे. तिथेच हास्याचे आत्मस्थ आणि परस्थ असे दोन प्रकारही आहेत: स्वतः हसणं आणि दुसऱ्याला हसवणं. विडंबन-खलनायक दुसऱ्या प्रकारात मोडतो, तेही नकळत. पण आपल्या प्रश्नाची खरी किल्ली अभिनवगुप्तांकडे आहे. दहाव्या-अकराव्या शतकाच्या सुमारास काश्मीरमध्ये होऊन गेलेल्या या आचार्यांनी रसाभासाची, म्हणजे रसासारखं दिसतं पण रस नसतं अशा अवस्थेची, चर्चा करताना रावणाचं उदाहरण घेतलं. सीतेचं नाव ऐकूनच रावण व्याकूळ होतो. ते शृंगारासारखं दिसतं, पण समोरून कसलाही प्रतिसाद नाही आणि त्याला त्याचं भानही नाही. म्हणून तो शृंगाराचा आभास. असा आभास ओळखू आला की त्यातून हास्य उपजतं, आणि हे एकट्या शृंगारापुरतं नाही, बाकीच्या रसांच्या आभासालाही लागू आहे. प्रेक्षक आधी त्या भावात गुंततो, हसू मागाहून येतं, हेही त्यांनी टिपलं आहे.

या चौकटीत घोरसेनाला ठेवून बघा. तो रौद्राच्या आभासात जगतो. त्याच्या दृष्टीनं सगळं खरं आहे: राग, सूड, साम्राज्य. आपल्याला मात्र आभास दिसतो. पण तो दिसण्यापूर्वी क्षणभर आपणही दचकलेलो असलो पाहिजे. लेखकानं तो क्षण दिलाच नाही, पात्र आल्या आल्या बावळटपणा करू लागलं, तर आभास कशाचा हेच उरत नाही. मुलांसाठी लिहिताना कित्येक जण भीतीचा हा पहिला घोट गाळून टाकतात, मुलं घाबरतील म्हणून. मग मुलं हसतही नाहीत, पुस्तक मिटतात.

मुलाच्या डोक्यात काय चालतं ते थोडं जवळून पाहू. १९८३ साली हाइन्झ विमर आणि योझेफ पेर्नर या मानसशास्त्रज्ञांनी लहान मुलांना एक छोटी गोष्ट सांगितली. एक मुलगा चॉकलेट एका कपाटात ठेवून बाहेर जातो. तो नसताना आई ते दुसऱ्या कपाटात हलवते. परत आल्यावर तो कुठे शोधेल? तीन वर्षांची मुलं साधारणपणे चॉकलेट जिथे खरोखर आहे ती जागा सांगतात. चार-पाच वर्षांपासून पुढे अधिकाधिक मुलांना कळू लागतं, की त्या मुलाला खरं माहीत नाही, म्हणून तो चुकीच्या कपाटात बघेल. दुसऱ्याच्या मनात चुकीची समजूत असू शकते, हे कळणं मोठी उडी असते.

विडंबन-खलनायकाचा जवळजवळ सगळा खेळ या उडीवर उभा आहे. घोरसेनाला वाटतं आपण अदृश्य आहोत. आपल्याला त्याचं घोरणं ऐकू येतं. त्याला वाटतं शिपाई निष्ठावान आहेत. आपण त्यांना रविवारच्या तिजोरीची किल्ली शोधताना पाहिलेलं असतं. त्याच्या डोक्यातलं जग आणि खरं जग, दोन्ही एकदम धरून ठेवायची, त्यांतली दरी मोजायची आणि त्या दरीला हसायचं. मोठ्यांना हे सहज जमतं म्हणून आपण विसरतो, की मुलासाठी हे नव्यानं कमावलेलं कौशल्य आहे आणि ते पुन्हा पुन्हा वापरून बघण्यात त्याला आनंद मिळतो. फार लहान मुलाला हाच प्रसंग वाचून दाखवला तर त्याला फक्त एक मोठा आवाज ऐकू येतो आणि माणसाएवढा काळा झगा दिसतो, आणि ते रडतं. त्यात त्याचं काही चुकत नाही.

दुसरी गोष्ट खेळाच्या चौकटीची. ग्रेगरी बेटसन हे मानववंशशास्त्रज्ञ १९५२ साली सॅन फ्रान्सिस्कोच्या प्राणिसंग्रहालयात माकडांची लुटुपुटूची मारामारी बघत होते. एक माकड दुसऱ्याला चावल्यासारखं करतं, पण दोघांनाही ठाऊक असतं की हा चावा नाही. म्हणजे ‘हे खेळ आहे’ असा काहीतरी निरोप आधी दिला-घेतला गेलेला असतो. विडंबन-खलनायकाचा अतिशयोक्त मुकुट, नको तितकं लांब नाव, दरवेळचं तेच गडगडाटी हास्य हे सगळे असे निरोप असतात. आपल्याला बजावतात, की इथे भीती आहे पण चावा नाही. त्या हमीच्या आत मूल अन्याय, सत्ता, कपट अशा विषयांजवळ जाऊ शकतं.

मालिका चालायची तर खलनायकानं दरवेळी हरलं पाहिजे आणि दरवेळी परत आलं पाहिजे. मुलांना हे हरणं खटकत नाही, पण एक अट असते: त्यानं आपल्याच गुणांनी हरावं. १९६८ च्या ‘वॅकी रेसेस’ या कार्टून मालिकेतला डिक डास्टर्डली हा मेलोड्रामातल्या मिशाळ दुष्टाचा थेट वंशज. ३४ शर्यतींपैकी त्यानं एकही जिंकली नाही. त्याची गाडी वेगात कमी नव्हती. बहुतेकदा तो सगळ्यांच्या पुढे असायचा आणि इतरांसाठी सापळा लावायला थांबायचा. सरळ गेला असता तर जिंकला असता. पाच वर्षांचं मूल पडद्यासमोर बसून ओरडतं, ‘अरे, थांबू नकोस ना!’ दुष्टाला सल्ला देण्याइतकं त्याला गोष्टीचं यंत्र कळलेलं असतं.

घोरसेनासाठी म्हणूनच एक मदतनीस लागतो. मालिकांमध्ये हे पात्र दुय्यम धरतात, मला ते अत्यावश्यक वाटतं. हा मदतनीस साधा प्रश्न विचारतो: ‘महाराज, सगळे रविवार आपल्याकडे आले, तर ते संपल्यावर आपलाही सोमवार येईल ना?’ महाराज संतापतात, कारण उत्तर नाही. जे मूल मनात म्हणत होतं ते आता कोणीतरी गोष्टीत म्हणालं. मूर्ख मदतनीस लिहिणं सोपं, पण त्यानं महाराजांचा मूर्खपणा झाकला जातो.

लांब चालणाऱ्या मालिकेत आणखी एक वळण येतं. खलनायक लाडका होतो. २००७ साली सुरू झालेल्या ‘फिनियस अँड फर्ब’ या कार्टून मालिकेतला डॉक्टर डूफेनश्मर्ट्झ हे याचं ठळक उदाहरण. दर भागात नवं यंत्र, यंत्राच्या नावाला ‘इनेटर’ हे ठरलेलं शेपूट, आणि ते चालवण्याआधी आपल्या दुःखी बालपणाची एखादी कहाणी आपल्या शत्रूला, पेरी नावाच्या प्लॅटिपसला (बदकासारखी चोच असलेल्या प्राण्याला), सविस्तर ऐकवणं. दुष्टाला दुष्ट होण्यामागे जखम असते, या रूढ समजुतीचीच ही थट्टा. पण इतक्या कहाण्या ऐकल्यावर त्याच्याबद्दल माया वाटू लागते. लेखकांनी ती माया मानली आणि त्याला हळूहळू बदलू दिलं, हे मला आवडतं. धोका तिथेच असतो: माया फार लवकर आली तर पहिला घोट गोड होतो आणि आभास संपतो.

हसू कशाचं यावं, याबद्दल मी आग्रही आहे. खलनायकाच्या दिमाखाचं, फुशारकीचं, हट्टाचं यावं. शरीराचं, व्यंगाचं, बोलीचं येऊ नये. ही भीती उगाच नाही. ज्युलिया डॉब्रो आणि कॅल्व्हिन गिडनी या अमेरिकी संशोधकांनी १९९८ साली मुलांच्या टीव्ही कार्टूनमधल्या बोलींचा अभ्यास प्रसिद्ध केला, आणि परक्या देशांचे हेल खलनायकांच्या तोंडी घालण्याची सवय त्यात स्पष्ट दिसली. हेच साच्याचं ओझं. विडंबन साचा उचलतं तेव्हा त्यातला हा मळही सोबत येतो: व्रण म्हणजे दुष्ट, लंगडणं म्हणजे दुष्ट, वेगळा उच्चार म्हणजे दुष्ट. लेखकानं थांबून तपासावं, की आपण हा मळ उघडा पाडतोय की नुसताच पुढे ढकलतोय. हुकला हाताच्या जागी लोखंडी आकडा असूनही विनोद आकड्यावर नाही, शिष्टाचाराच्या काळजीवर आहे, हे पुन्हा पाहण्यासारखं आहे. घोरसेनाचं घोरणंही मी याच कसोटीवर घासलं. तो नुसता घोरतो म्हणून हसू आलं तर ते शरीरालाच हसणं झालं. जगाची झोप चोरायला निघालेला माणूस दबा धरून बसल्यावर स्वतःच झोपतो, तेव्हा हसू त्याच्या योजनेवर जातं.

घरी वाचून दाखवणाऱ्यांसाठी एक व्यावहारिक गोष्ट. घोरसेनाची वाक्यं वाचताना आवाजात ‘ही गंमत आहे हं’ असा सूर आणू नका. जितक्या गांभीर्यानं, जितक्या जरबेनं वाचाल तितकं चांगलं. गर्जनेनंतर किंचित थांबा, मूल दचकू द्या, मग घोरण्याची ओळ अगदी सपाट आवाजात वाचा. हसू आधी मुलाला येऊ द्या. ते घाबरून अंग चोरू लागलं तर पुस्तक तिथेच ठेवून मदतनीसाचा एखादा प्रसंग आधी वाचा. आणि मूल ‘पण त्यानं असं करायलाच नको होतं’ म्हणत घोरसेनाची योजना दुरुस्त करू लागलं, तर वाचन थांबवून ती दुरुस्ती पूर्ण ऐकून घ्या.